राजा नाकापासून झिजतो

जमनामाय कासारीण अख्ख्या प्रकाशा गावच्या बायकांच्या हातांत बांगड्या भरायची आणि तिचे स्वतःचे हात मोकळे होते. नवरा लवकर गेला. लग्नाच्या चुड्याला ती हात लावत नसे, तिथं तिची जाऊ जायची. हा दंडक तिला कोणी घालून दिला नव्हता, लोकांनी म्हणायच्या आधी तिनंच घालून घेतला. बाकी वर्षभर तापीच्या दोन्ही काठांची गावं तिचीच. डोक्यावर हारा, हाऱ्यात दोरीला ओवलेल्या हिरव्या-तांबड्या बांगड्या, कमरेला कापडाची पिशवी. पिशवीत काय असायचं ते मला ठाऊक होतं, कारण मी नावाडी. नावेत बसलं की माणूस कमरेचं जरा सैल करतं.

मी सुका भोई. शाळा दोन इयत्ता, त्यातली दुसरी अर्धी. नातू म्हणतो, आबा तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, नाही. माझं अक्षर शेळीच्या पायासारखं पडतं, पडू दे. बाकी कोणावर लिहायचं असतं तर दिलं असतं तुझ्या हातात. जमनामायवर मीच लिहिणार.

तेव्हा प्रकाशाला पूल नव्हता. नंदुरबारला जायचं तर माझ्या नावेत बसायचं, पलीकडे उतरायचं, मग पायी नाहीतर कोणाची गाडी मिळाली तर गाडीत. जमनामाय बाजाराच्या आदल्या दिवशी जायची. काठावर येऊन ओरडायची ती हाक अजून माझ्या कानात आहे.

"ए सुका! नाव लाव रे! का मी पवत येऊ?"

पोहायला तिला येत नव्हतं. पण बोलायची अशी की, नाव नाही लावली तर खरंच उडी मारेल.

तिच्या पिशवीत नाणी असायची. आपली राणीछाप नव्हे. जुनी. शेतात नांगराला लागलेली, पडक्या भिंतीत सापडलेली, कोणाच्या आजीच्या गळ्यात चार पिढ्या लोंबत आलेली. एका बाजूला परक्या राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला कधी देवी, कधी घोडा, कधी काय. ह्या धंद्यात ती पडली ती अशी. एका गावात एका बाईकडं बांगड्यांच्या बदल्यात द्यायला दाणे नव्हते. तिनं नांगरटीत सापडलेला एक काळाकुट्ट चांदीचा तुकडा दिला. जमनामायनं घेतला. नंदुरबारला एका वकिलांच्या बायकोला बांगड्या भरताना तो तुकडा पिशवीतून जमिनीवर पडला, आणि आतून वकीलसाहेब धोतर सावरत पळत आले. ते म्हणे आवाजावरून आले. मला हे खरं वाटत नाही, पण जमनामाय असंच सांगायची.

ह्या वकीलसाहेबांना रोमच्या बादशहांच्या नाण्यांचं वेड. घरात लाकडी कपाट, त्यात काचेच्या झाकणाचे कप्पे, एकेका कप्प्यात एकेक बादशहा कापसावर झोपलेला. त्यांनीच तिला सांगितलं की दोन हजार वर्षांमागं रोमची गलबतं भडोचच्या बंदराला लागायची, आपल्याकडचा कापूस, कापड न्यायची आणि बदल्यात ही नाणी टाकून जायची. ती परत येताना नावेत मला हे सगळं सांगायला लागली. मी म्हटलं, दोन हजार वर्षं! थापा. तर म्हणाली,

"थापा कसाले? त्या राजासनी नाणा दिन्हा आनी कापूस लिन्हा. मी बांगड्या देस आनी नाणा लेस. धंदा तोच शे, सुका. फक्त राजा मरी गया आनी मी जित्ती शे."

गावात त्या नाण्यांना नाव पडलं रुमी.

तिला अक्षर म्हणून येत नव्हतं. पण राजे तिला तोंडपाठ. वकीलसाहेब त्यांची लांबलचक नावं घ्यायचे, हिनं आपली घरगुती ठेवली होती. एक दाढ्या, तो पुष्कळदा भेटायचा. एक मानमोड्या, त्याची मान बैलासारखी. एक कोवळा पोरगा होता, ओठावर मिशीची रेघ नाही, त्याला ती "बिचारा" म्हणायची. मी विचारलं, बिचारा का? म्हणाली, "एवढुसा पोर, आनी एवढं मोठं राज. कोनी जेवू तरी देत व्हई का त्याले टाइमवर?" एकदा तिला बाईचं तोंड असलेलं चांदीचं नाणं मिळालं. ते दुर्मीळ, सगळ्या रुमीत क्वचित. वकिलांकडं पोचवायच्या आधी तिनं ते आठ दिवस घरात ठेवलं. नावेत बसली की काढून बघायची. त्या राणीची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, पेड न् पेड दिसतो. "सुका, हिनी येनी कोन घालत व्हई?" मी म्हटलं, राणी आहे, असतील दासी. "दासी घालस तव्हय एवढी घट्ट ऱ्हास नई," ती म्हणाली. "हाई मायनी घाली देल येनी शे." मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

खरं-खोटं ओळखायची तिची रीत बघायला माणसं मुद्दाम नाव चुकवून थांबायची.

नाणं आधी ती अंगठ्यानं चोळून नाकाशी न्यायची. चांदीचा नुसता मुलामा असेल तर आतलं तांबं वासाला येतं. मग कड बघायची, नखानं. ओतलेल्या नाण्याच्या कडेला दोन साचे जुळतात तिथं बारीक शिवण राहते, कितीही घासा. "मायना पोटमातून येल पोरले शिवन ऱ्हास का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मग तोंड बघायची, आणि त्यातही पहिलं नाक. जुनं नाणं हातोहात फिरतं, खिशात, पिशवीत, गळ्यात. त्यात जे उंच ते आधी झिजतं. नाक, भुवई, गाल. लबाड माणूस नवं नाणं जुनं दाखवायला वाळूत घासतो, ते सगळीकडून सारखंच झिजतं, किंवा कान झिजतो आणि नाक शाबूत. "राजा नाकपाईन झिजस," ती सांगायची. "मानूसबी नाकपाईनच झिजस, सुका. आधी नाक जास, मंग बाकीनं."

शेवटी आवाज. नाणं डाव्या हाताच्या बोटाच्या शेंड्यावर तोलायचं आणि हाऱ्यातली एक काचेची बांगडी घेऊन हलकेच टेकवायची. तेव्हा ती म्हणायची, "वल्हं थांबाड." मी वल्हं थांबवायचा. नाव प्रवाहात आपोआप सरकत राहायची, वीस माणसं श्वास धरून, कोणाची शेळीसुद्धा ओरडायची नाही. खरी चांदी बारीक गात राहायची, बराच वेळ. खोटं नाणं थप करून गप्प व्हायचं. त्या वेळी तिचे डोळे मिटलेले असायचे. मी अनेक माणसं देवापुढं डोळे मिटलेली पाहिली, पण असं कोणी मिटलेलं पाहिलं नाही.

शिवरात्रीच्या जत्रेत एकदा एक परगावचा माणूस आला. डोक्याला जरीचा फेटा, बोलायला गोड. त्याच्याकडं तीन रुमी, तिन्ही दाढ्याचे. वकीलसाहेब देवदर्शनाला आले होते, ते बघून त्यांना घाम फुटला. भिंग लावलं, वजन केलं, सगळं बरोबर. जमनामायला बोलावणं आलं. ती पोरींच्या गराड्यात बांगड्या भरत होती, तशीच उठून आली. वास घेतला, कड बघितली, आवाज ऐकला. वकीलसाहेब म्हणाले, "काय जमनाबाई, आहेत ना चांगली?"

"एकएकलं चांगलं शे," ती म्हणाली. मग तिनं तिन्ही नाणी ओळीनं मांडली. दाढ्याच्या भुवईवर एक बारीक खोक होती. पहिल्याला होती. दुसऱ्यालाही त्याच जागी. तिसऱ्यालाही.

"का हो पाव्हना," ती त्या फेटेवाल्याला म्हणाली, "तिन्ही भाऊसले एकच जागे खोक पडनी का? भांडनं व्हयनं व्हतं का एका टाइमले?"

गर्दी हसली ती अशी हसली की फेटेवाला नाणी तिथंच टाकून पळाला. एका खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन त्यानं तिन्ही खऱ्या चांदीत ओतली होती, कडेची शिवण ठोकून बुजवली होती, पण खऱ्याची खोकसुद्धा साच्यात उतरली. हातानं ठोकलेली दोन नाणी कधी सारखी नसतात. जमनामायला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिनं आयुष्यभर हात बघितले होते आणि एका बाईचे दोन हातसुद्धा सारखे नसतात, हे तिला ठाऊक होतं.

तिला राग यायचा तो एकाच गोष्टीचा, चिंचेचा. आमच्याकडं दिवाळीला लक्ष्मीपूजनात जुनं नाणं ठेवायची रीत. ठेवायच्या आधी बायका ते देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून घासतात. एका बाईनं असंच एक चांदीचं रुमी लखलखीत करून मोठ्या हौसेनं हिच्या हातात ठेवलं. जमनामायनं बघितलं आणि मटकन ओट्यावर बसली. दोन हजार वर्षांनी अंगावर चढलेला काळा रंग गेला होता आणि त्याबरोबर राजाचं तोंडही. तेव्हापासून बांगड्या भरताना प्रत्येक दारात तिचं कीर्तन, "माय वं, देवले चिच लावा, तांब्याले लावा, मन्हा राजाले नका लावू." बायका तिला चिडवायला म्हणायच्या, "जमनामाय, तुन्हा राजाले मंग काय, उटणं लावू?" ती म्हणायची, "काहीच नका लावू. त्याले निजू द्या."

आणि देव्हाऱ्यातलं नाणं तिनं कधी मागितलं नाही. वकीलसाहेबांनी कितीदा सुचवलं. ती म्हणायची, तो तठे राजा नई शे, तठे तो देव शे.

बायका आपलं घरातलं नाणं तिच्या हातात द्यायच्या ते तिच्या शब्दावर. नवऱ्याला, सासूला न विचारता द्यायच्या. ती नदीपार नेऊन दाखवायची आणि एकतर मोल घेऊन यायची, नाहीतर नाणं जसंच्या तसं परत. जमनामायनं खरं म्हटलं म्हणजे खरं. तिच्याजवळ शेत नव्हतं, घर म्हणजे एक खोली, पोटी एक लेक, ती तळोद्याला दिलेली. तिच्याजवळ होता तो हा शब्दच.

तो धानोऱ्याला गेला.

धानोऱ्यात एका शेतकऱ्याच्या घरी म्हातारीच्या गळ्यात सोन्याचं रुमी होतं, वर कडी बसवलेली. सोन्याचं रुमी जमनामायनं आयुष्यात तीन की चार पाहिलेली. हे तिनं पाहिलं आणि तिला राहवेना. म्हातारीनं गळ्यातून काढून दिलं, "घेऊन जा, दाखव, पण परत आण, नातीच्या लग्नात घालायचंय." जमनामाय ते नावेत माझ्यासमोर घेऊन बसली. वास, कड, नाक, आवाज. सगळं झालं. मला आठवतं, ती मला म्हणाली, "सुका, हाई मन्ही जिंदगीमानं बठ्ठास मोठं." मीही हातात घेतलं. जड, ऊबदार. राजाचे डोळे जरा मोठे होते, आपल्याकडच्या देवाच्या मुखवट्यासारखे. मला वाटलं, असेल तसा तो राजा.

वकीलसाहेबांकडं त्या वेळी मुंबईहून एक मोठे विद्वान उतरले होते. त्यांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि हसले. वाईट हसले नाहीत, पोराच्या चुकीला हसतात तसे. म्हणाले, "ह्याच्यावर अक्षरं कुठं आहेत? राजाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा आहेत. उभ्या, आडव्या, गोल. कोणा गावठी सोनाराचं काम आहे. नकली."

वकीलसाहेब जमनामायकडं बघायला लागले. ती म्हणाली, पुन्हा द्या. तिनं सगळ्यांसमोर पुन्हा सगळं केलं. वास, कड, नाक, आवाज. मग म्हणाली,

"जुनं शे. खरं शे. मन्हा हात सांगस."

"बाई, तुम्हाला वाचता येतं का?" विद्वानांनी विचारलं.

"नई."

"मग?"

तिच्याजवळ बोटं होती, कान होता, नाक होतं. अक्षर नव्हतं. तिनं नाणं पदरात बांधलं आणि निघाली. वकीलसाहेबांची बायको मागून आली, "जेवून जा गं," ती थांबली नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते नातवाला सांगितलं नसतं, म्हणून हातानं लिहितो. ही बातमी नदीच्या ह्या काठी तिच्या आधी पोचली होती. दोन दिवसांनी ती परतीच्या नावेत बसली. नाव भरलेली. एका यात्रेकरूनं मला भाड्याचं नाणं दिलं. मी ते हातात उडवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "जमनामाय, देख वं जरा. हाई खरं शे, का धानोरानं?"

सगळी नाव हसली. मीही हसलो. मला लोकांना हसवायची खोड होती.

तिनं पाण्याकडं बघितलं. काठ लागेपर्यंत पाण्याकडंच बघितलं. त्यानंतर जमनामाय माझ्या नावेत कधी बसली नाही. खाली कोसभर चालत जाऊन दुसऱ्या उतारावरून जायची, डोक्यावर हारा घेऊन, उन्हात. मला काठावरून दिसायची. मी कधी हाक मारली नाही. मी म्हणायचो, माझी नाव, तिची मर्जी. भोयाची जात पाण्याशी वाकते, माणसाशी नाही, असं मी म्हणायचो. मूर्ख होतो.

नाणं तिनं धानोऱ्याला परत दिलं. पण तिथंही बातमी पोचली होती. नातीचं लग्न ठरलं होतं आणि म्हातारीची सून म्हणाली, खोटा दागिना लग्नात अंगावर नको, अपशकून होतो. वितळवा, असेल काही सोनं तर पोरीला मणी करू. जमनामायला कळलं तशी ती धावत गेली. तिथला एक गाडीवान मला पुढं सांगायचा. ती सोनाराच्या भट्टीपाशी उभी राहून म्हणत होती, "नका वं माय. मी खोटी म्हना, मन्हा हाराभर बांगड्या फोडा, पन राजाले नका." सून म्हणाली, "तुन्हामुये इज्जत गई आम्हनी, आते बोलू नको." सोनारानं मुशीत टाकलं. जमनामाय तिथंच बसली. पूर्ण वितळेपर्यंत उठली नाही.

सोनं उत्तम निघालं. सोनार स्वतः म्हणाला, इतकं चोख आजकाल येत नाही. पण तेव्हा ते सांगून काय? लोक म्हणाले, सोनं खरं होतं, राजा खोटा होता. म्हणजे जमनामाय खोटी ती खोटीच.

त्यानंतर तिनं नाण्याला हात लावला नाही. बायका द्यायच्या, ती म्हणायची, मन्हा डोया गया. तेव्हा डोळे गेले नव्हते. पुढं खरंच गेले. मग लेकीनं तिला तळोद्याला नेलं. कधी नेलं, मला कळलंही नाही. एक दिवस लक्षात आलं की खालच्या उतारावर हारा दिसत नाही.

वर्षं गेली. माझा मुलगा वल्हं मारायला लागला, मी काठावर बसून त्याला शिव्या द्यायला लागलो. अशात एके दिवशी वकीलसाहेब घाटावर आले. काठी टेकत, दम खात. मला म्हणाले, "सुका, जमनाबाई कुठं असतात?" मी सांगितलं. ते पायरीवर बसले. खिशातून एक पत्र काढलं.

पत्र त्या मुंबईच्या विद्वानांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की दक्षिणेकडं एका जमिनीत मडकं सापडलं, त्यात रोमची खरी सोन्याची नाणी, आणि त्यांच्याच शेजारी अशीच रेघांची नाणी. एकाच मडक्यात, एकाच काळी पुरलेली. म्हणजे त्या काळीच, दोन हजार वर्षांमागं, इथल्या सोनारांनी रोमचं नाणं समोर ठेवून आपली घडवली होती. अशी नाणी रोमच्या नाण्यांपेक्षा दुर्मीळ. माझी चूक झाली, ते नाणं मिळेल तर पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. माणूस मोठा. एवढा शिकलेला आणि चूक लिहून पाठवतो.

"नाणं वितळलं," मी म्हटलं.

"माहीत आहे." वकीलसाहेबांनी पत्राची घडी घातली. मग खिशातून कागदात गुंडाळलेली लाखेची चकती काढली. "त्या दिवशी मी ठसा घेतला होता लाखेवर. मला सवय. एवढंच उरलंय. मला तळोद्यापर्यंत जाववत नाही. तू जाशील?"

मी गेलो. दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं. जाताना वाटभर बोलायचं काय ते जुळवत होतो.

लेकीच्या घरी ती ओट्यावर बसली होती. केस पिंजलेल्या कापसासारखे, डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी. मी दहा पावलांवर होतो.

"सुका उना का?" ती म्हणाली.

मी जागीच थांबलो. "कसं ओळखलं, माय?"

"नावाड्या पाय फाकाडी चालस. जमीन हाली ऱ्हायनी अशी वाटस त्याले."

मी शेजारी बसलो. पत्रातलं सगळं सांगितलं, जसं वकीलसाहेबांनी सांगितलं तसं, एकही शब्द खाली न पाडता. ती ऐकत होती. मी लाखेची चकती तिच्या तळहातावर ठेवली. तिनं अंगठा आत घातला.

"राजा आतमा गया," ती म्हणाली.

ठसा तो, उलटा. जे उंच होतं ते खोल झालेलं. तिचा अंगठा हळूहळू फिरायला लागला. "हाऊ गाल. हाई डोया, मोठा शे. नाक उथय शे, देख, झिजेल व्हतं ना, मी सांगं व्हतं." मग अंगठा कडेला गेला, तिथं त्या रेघा होत्या. तिथं ती थांबली. नखानं एकेक रेघ चाचपली. उभी. आडवी. गोल. पुन्हा उभी.

"सुका."

"काय माय?"

"हाऊ सोनार. ह्याले वाचता येत नव्हतं?"

"नव्हतं. समोरच्या नाण्यावरची अक्षरं बघितली आणि तसं दिसेल तसं कोरलं, असं वकीलसाहेब म्हणतात."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, रडते की काय. आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं, दात नसलेल्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरातून लेक धावत आली, काय झालं म्हणून.

"अवं, त्याले वाचता येत नव्हतं!" जमनामाय तिला सांगायला लागली. "मन्हासारखाच! आनी तो मुंबईना साहेब त्याना राजा वाचाले बसना व्हता!"

मलाही हसू आलं. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसत होतो. तेव्हा मला नावेतलं बोलायचं होतं. ते शब्द मी वाटभर जुळवून आणले होते, ओठावर होते. लेकीनं पाणी आणलं. मी पाणी प्यालो. मग लेकीनं नदीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, माझ्या मुलांचं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. ते एक तेवढं बोललो नाही. आजतागायत बोललो नाही. आता कोणाला बोलू?

संध्याकाळच्या आत नदी गाठायची म्हणून मी उठलो. जमनामाय म्हणाली, "बरं, जाय. संभाळी जाय." बाकी काही नाही. चकती परत नेऊ का, असं मी विचारलंही नाही. तिनं मूठ मिटली होती.

गाडी वळणाला आली तेव्हा मी मागं पाहिलं. ती ओट्यावर तशीच बसलेली, एकटी, उन्हाची तिरीप पायांवर. अंगठा त्या रेघांवरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, आणि तिचे ओठ हलत होते. शेजारी कोणी नव्हतं. ती मान हलवून कोणाचं तरी ऐकत होती, मग परत काही म्हणत होती, मध्येच हसत होती. माझ्याशी नव्हे. त्या सोनाराशी बोलत होती.